सी भाषेत पूर्णांकाची स्ट्रिंग करताय? या चुका टाळा

नांदेडचा पिन कोड 431601. सहा अंक, म्हणून पोरं सहा कॅरॅक्टरचा अ‍ॅरे घेतात आणि स्प्रिंटएफ (sprintf) या फंक्शनने आकडा त्यात उतरवतात. उत्तर बरोबर दिसतं, म्हणून पुढे जातात. पण सीमधली स्ट्रिंग, म्हणजे कॅरॅक्टरची ओळ, नल कॅरॅक्टरने (शेवटाच्या खुणेने) संपते आणि त्याची सातवी जागा दिलेलीच नसते. तो नल अ‍ॅरेबाहेरच्या बाइटवर लिहिला जातो. तिथं दुसरं व्हेरिएबल असलं तर त्याची किंमत बिघडते आणि आपण भलत्याच ओळीत चूक शोधत बसतो. लॅबमधले कितीतरी तास यातच जातात, म्हणून एवढं लांबण लावलं.

जागा धरताना समोरचा आकडा पाहू नका, त्या टाइपमध्ये मावणारा सगळ्यात लांब आकडा पाहा. 32 बिटांच्या इंट या पूर्णांकाच्या टाइपसाठी तो -2147483648. वजा चिन्हासह 11 कॅरॅक्टर, नल धरून 12.

स्प्रिंटएफऐवजी एसएनप्रिंटएफ (snprintf) वापरा, त्याला अ‍ॅरेचं माप सांगता येतं. मात्र ते परत देतं ती किंमतही तपासा. ती मापाएवढी किंवा जास्त आली, तर आकडा कापला गेलाय. सहाच्या मापात 431601 चं गुपचूप 43160 होतं.

"सर, लॅबमधे चालायलंय, घरी का चालंना?" असं कुणी विचारलं की मी आधी त्याच्या प्रोग्राममध्ये आयटोए (itoa) हे आकड्याची स्ट्रिंग करणारं फंक्शन शोधतो. ते टर्बो सी या जुन्या कंपायलरमध्ये आहे, सीच्या मानकात नाही. लिनक्सवर जीसीसी हा कंपायलर वापरला की प्रोग्राम तयार होतानाच अडतं.

स्वतःचं फंक्शन लिहिणाऱ्यांची वेगळीच अडचण. आतला लोकल अ‍ॅरे परत करू नका, फंक्शन संपलं की ती जागा आपली राहत नाही. स्टॅटिक (फंक्शन संपल्यावरही तीच जागा धरून राहणारा) केला तर एकाच प्रिंटएफमध्ये दोनदा बोलावल्यावर दोन्हीकडे एकच आकडा छापला जातो. अ‍ॅरे बोलावणाऱ्यानेच द्यावा, हे मला सगळ्यात सरळ वाटतं. दहाने भागून बाकी काढत गेलात तर अंक उलटे येतात, ते फिरवा. प्रत्येक अंकात शून्य या कॅरॅक्टरची किंमत मिळवा, आस्की या कॅरॅक्टरच्या सांकेतिक तक्त्यात ती 48 आहे. लूप डू-व्हाइल ठेवा, नाहीतर 0 ची रिकामी स्ट्रिंग होईल.

आणि मोबाइल नंबर इंटमध्ये घेऊच नका. 9 ने सुरू होणारा दहा अंकी नंबर 2147483647 च्या पुढचा, त्यात मावत नाही. त्याची बेरीज-वजाबाकी कधी करायची नसते. तो सुरुवातीपासून स्ट्रिंग म्हणूनच वाचा.