टपरीवर विज्ञानाच्या गप्पा कशा जमवाव्यात

विज्ञानाचं व्याख्यान म्हटलं की सभागृह, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि पुढच्या दोन रिकाम्या रांगा हे ठरलेलं. १९९८ साली इंग्लंडमधल्या लीड्स शहरात डंकन डॅलस या टीव्ही निर्मात्यानं ते सगळं टाळून कॅफेतच गप्पा सुरू केल्या. वक्त्यानं थोडक्यात बोलायचं, मग पेले भरून घ्यायला सुट्टी, मग चर्चा. आपल्याकडे कॅफेची जागा अमृततुल्य सहज घेईल, सोसायटीची गच्ची किंवा देवळासमोरचा पारही चालेल.

१. जागा आणि वेळ. हॉटेलमालकाला सरळ विचारा, गिऱ्हाईक कमी कुठल्या वारी असतं? तोच वार धरा. पंधरा-वीस माणसं पुष्कळ झाली. माइक नकोच, पण शेजारी रसवंती नाही ना, ते आधी पाहून या. आमचा पहिला कार्यक्रम चरकाच्या आवाजात बुडाला होता.

२. विषय. ‘विज्ञान आणि समाज’ असला विषय ठेवाल तर मालकसुद्धा ऐकणार नाही. ज्याचं उत्तर घरी जाऊन सांगावंसं वाटेल असा प्रश्न घ्या. पत्रिकेवरून माणूस कळतो का? यावर २००८ साली पुण्यात जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी चाचणी घेतली. कुंडल्या २००; निम्म्या हुशार विद्यार्थ्यांच्या, निम्म्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषाला ४० दिल्या आणि कुठली कुणाची ते ओळखायला सांगितलं. हे इथपर्यंत सांगा आणि थांबा. प्रत्येकाला बिलाच्या पाठीवर आपला अंदाज लिहायला लावा. मगच आकडा काढा: उत्तरं पाठवलेल्या २७ जणांची सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी निम्मी बरोबर आली असती, हे बहुतेक वेळा समोरूनच कुणीतरी म्हणतं.

३. हातात काहीतरी द्या. स्लाइड नकोत. जास्वंदीच्या पाकळ्या सुरीच्या पात्यावर चोळून वाळू द्या आणि सगळ्यांसमोर त्या सुरीनं लिंबू कापा. लालभडक रस टपकला की ‘करणी’ झाली! भोंदूबाबांची ही जुनी युक्ती. गुपित लगेच फोडू नका. तशीच चोळलेली दुसरी सुरी आणि एक काकडी पुढ्यातल्या माणसाला द्या. काकडीला तसा लाल रंग येत नाही. मग लिंबात काय वेगळं? ‘आंबटपणा’ हे उत्तर आलं की रंगद्रव्य आम्लात लाल होतं एवढंच सांगायचं उरतं. घरी एकदा करून बघा, पाकळ्या कमी पडल्या तर फजिती होते.

४. वीस मिनिटं बोला, मग चहा. मधली सुट्टी कापू नका. चारचौघांत हात वर न करणारी माणसं कटिंग हातात आल्यावर शेजाऱ्याला प्रश्न विचारतात. तुम्ही तिथं फिरत राहा आणि त्यातला एखादा पुढच्या सत्राला उचला, विचारणाऱ्याची परवानगी घेऊन.

५. प्रश्न. खरा कार्यक्रम हाच, तासभर तरी ठेवा. ‘प्रश्न नाही, दोन शब्द बोलतो’ म्हणत एखादे काका उठतीलच. त्यांना प्रेमानं विचारा, ‘काका, यातला प्रश्न कोणता धरू?’ अवघड ते नव्हे, तर ‘माझ्या आईला गंड्यानं गुण आला’ असं सांगणारी बाई. तिथं हसणारा श्रोता गप्प करायचा, ती बाई नव्हे. तिलाच विचारा: गंडा न बांधता किती जण बरे झाले, हे कळायला काय करावं लागेल? आणि वक्त्याला आधीच बजावून ठेवा, ‘मला माहीत नाही’ म्हणायला हरकत नाही.

६. पैसे. चहा ज्याचा त्याने. वक्त्याच्या प्रवासखर्चासाठी डबा फिरवा.

पुढचा वार आणि विषय मात्र लोक उठायच्या आत सांगून टाका. ग्लास विसळायला सुरुवात झाली की कुणी ऐकत नाही.