शेतातली मोटर घरात बसून चालू करायचीय? मोबाईल स्टार्टर असा बसवा

आपल्या कोल्हापूर भागात शेतीची लाईट पाळीनं येते, आणि रात्रपाळीला बॅटरी घेऊन उसातनं मोटरवर जायचं म्हणजे साप-विंचू आहेतच, वर राधानगरी-पन्हाळ्याकडं गवे. म्हणून मोबाईल स्टार्टर, म्हणजे फोन लावून मोटर चालू-बंद करायचा सिमवाला डबा, बसवाच, पण नीट बसवा.

आधी सिम. डबा टूजी आहे का फोरजी ते घेतानाच विचारा, जिओला टूजी नाहीच त्यामुळं टूजी डब्यात ते चालणार नाही. मोटरजवळ उभं राहून कुठल्या कंपनीची रेंज येते बघा आणि तेच सिम घाला. प्रीपेड सिमची व्हॅलिडिटी संपली की डब्याला फोन लागत नाही आणि ते नेमकं पाणी पाजायच्या दिवशीच कळतं, तेव्हा यूपीआय ऑटोपे लावून टाका नाहीतर सरळ वर्षाचा रिचार्ज मारा. डब्यात घरातलेच दोन-तीन नंबर सेव्ह करा, बाकीचे ब्लॉक, नाहीतर राँग नंबरनं पण मोटर सुरू व्हायची.

जोडणी वायरमनकडनंच, मेन स्विच पाडून आणि फ्यूज काढून. स्टार्टची वायर हिरव्या बटणाला पॅरलल, स्टॉपची लाल बटणाच्या सिरीजमध्ये, म्हणजे हातानं पण मोटर चालू-बंद करता येते. सीटीच्या (करंट मोजणाऱ्या कडीच्या) भोकातनं एका फेजची वायर घालायची. मग मोटर फुल पाणी मारत असताना अँपिअर बघा, 5 एचपीला साधारण 7 ते 7.5 येतात, ड्राय रन, म्हणजे पाण्याविना मोटर फिरली तर बंद करायचं सेटिंग, 5 च्या आसपास लावा. फुटव्हॉल्व्ह सुटला किंवा विहिरीनं तळ गाठला की अँपिअर पडतात आणि डबा मोटर बंद करतो. टू फेजचा मोड, म्हणजे तीनपैकी दोनच फेजवर मोटर चालवायचा, असला तरी लावू नका, वाइंडिंग जळतं.

आता खरी गोष्ट, ऑटो मोड. लाईट आली की मोटर आपोआप सुरू, ऐकायला लय भारी, पण एका डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्यांनी तेच केलं तर लाईट आल्या आल्या सगळ्या मोटरी एकदम उठतात, सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते आणि डीपीचा फ्यूज जातो, कधी डीपीच जळतो, मग दुसरा बसेपर्यंत सगळ्यांचाच ऊस वाळत बसतो. महावितरण ऑटो स्विच काढा, कपॅसिटर (डीपीवरचा लोड कमी करणारा) बसवा म्हणून सांगतं ते याचसाठी. तेव्हा ऑटो बंदच ठेवा, लाईट आल्याचा फोन येऊ दे आणि मग तुम्ही फोन लावून मोटर सुरू करा. ऑटो लागतच असंल तर डीपीवरच्या सगळ्यांनी एकदा बसून ऑन डिले, म्हणजे लाईट आल्यावर किती वेळानं मोटर उठायची ते, वाटून घ्या, कुणाचा 2 मिनिटं, कुणाचा 4, कुणाचा 6. कपॅसिटर मात्र प्रत्येकानं बसवायचा.

नदीवर मोटर असणाऱ्यांनी पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत राहा. 39 फुटाला इशारा आणि 43 ला धोका, पण तिथवर थांबू नका, पाणी पात्राबाहेर पडायच्या आत मेन पाडून मोटरीबरोबर डबा पण वर काढून घ्या.