आधी बघा, ओरडतंय कोण

"मॅडम, काल घरी चालत होता की हो!" म्हणत एकानं लॅपटॉप माझ्यापुढं सरकवला. खानापुरातला माझा छोटा क्लास, डिप्लोमाची पोरं, सी भाषा. त्याचा प्रोग्रॅम घरच्या उसाचं बिल काढायचा: टन गुणिले दर. एररमध्ये कंस दिसला म्हणून अर्धा तास तो कोडमधले कंस मोजत बसलेला. कोड ठीक होतं. कंस होता फाइलच्या नावात. तीच फाइल दुसऱ्यांदा डाउनलोड केली की ब्राउझर 'बिल'च्या पुढं (१) चिकटवतो.

म्हणून आधी एररचा पहिला शब्द वाचा; ओरडतंय कोण ते तोच सांगतो.

'बॅश', म्हणजे टर्मिनलमध्ये आपली कमांड आधी वाचणारा प्रोग्रॅम, दिसलं तर फाइल कंपायलरपर्यंत, म्हणजे कोडमधून चालणारा प्रोग्रॅम बनवणाऱ्यापर्यंत, पोचलेलीच नाही. कंस, अँपरसँड (&) ही बॅशची स्वतःची चिन्हं. नाव अवतरणात घाला, नाहीतर पहिली दोन अक्षरं टाइप करून टॅब दाबा; बॅकस्लॅश ते स्वतःच घालतं.

'जीसीसी' म्हणजे आमचा सीचा कंपायलर. त्याच्या जुन्या आवृत्तीत 'जीसीसी' आणि 'नो सच फाइल' दोनदा आलं, तर बहुधा नावात स्पेस आहे. एका नावाच्या दोन फायली झाल्या. एकदाच आलं आणि मशीन विंडोजचं असेल, तर नोटपॅडनं नावामागं डॉट टीएक्सटी हे एक्स्टेन्शन (नावातलं डॉटनंतरचं शेपूट) लावलंय का बघा. ते लपवलेलं असतं, फाइल एक्स्प्लोररच्या व्ह्यूमध्ये जाऊन दाखवायला सांगा.

'एलडी' म्हणजे लिंकर, कंपाइल झालेले तुकडे शेवटी जोडणारा. एक्स्टेन्शन ओळखीचं नसलं की जीसीसी फाइल थेट त्याच्याकडं ढकलतो आणि तो फॉरमॅट कळत नाही म्हणतो. नाव बदला, झालं.

नावाची सुरुवात हायफननं करू नका. एकानं जुनी प्रत म्हणून 'हायफन-ओल्ड-डॉट-सी' ठेवली होती. हायफननं सुरू झालेलं जीसीसीला ऑप्शन वाटतं; त्यानं त्यातला ओ धरला आउटपुटचा ऑप्शन आणि उरलेलं 'एलडी डॉट सी' धरलं आउटपुटचं नाव! वर तक्रार, इनपुट फाइलच दिली नाही म्हणून. अशा नावाआधी डॉट-स्लॅश लावा.

खरा चकवा मात्र कॅपिटल सीचा. इथं एरर ओळ क्रमांकासकट येते, त्यामुळं नावावर संशयच जात नाही. डॉटनंतरचा सी मोठा असला की जीसीसी फाइल सी प्लस प्लस समजतो, आणि मेमरी मागणाऱ्या मॅलॉकची बिनकास्टची (टाइप बदलून न घेतलेली) ओळ, जी सीमध्ये निमूट चालते, तिथं अडते.

राहिली देवनागरी नावं. उबंटूवर चालतात. पण जुन्या मिनजीडब्ल्यूवर, म्हणजे विंडोजवरच्या जीसीसीवर, एकानं 'ऊस' मराठीत, शेजारच्यानं 'कब्बु' कन्नडमध्ये लिहिलं. दोघांनाही सारखीच प्रश्नचिन्हं. तिथल्या जुन्या कोडपेजात, म्हणजे अक्षरांच्या तक्त्यात, दोन्ही लिप्यांना जागा नाही. रोमन लिहा म्हटलं, तर ऊसचं स्पेलिंग एकानं यूएस केलं, दुसऱ्यानं डबल ओ एस. शेवटी फाइलचं नाव 'बिल'च ठेवलं.