शुगरवाल्यांनो, किडनीची टेस्ट अशी करा
आमच्या बीडकडं सगळे शुगर तपासायलेत पण लघवीतलं प्रोटीन कुणीच बघत नाही, अन् रक्तातलं क्रिएटिनीन (किडनीनं बाहेर टाकायचा कचरा) वाढलेलं दिसेपर्यंत लई उशीर झालेला असतो. वर्षातून एकदा लघवीची एसीआर टेस्ट (अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन क्रिएटिनीनच्या मानानं किती जातंय ते) कराच, सकाळची पहिली लघवी द्या, ताप असला तर थांबा. ३० मिग्रॅ/ग्रॅमच्या वर आली तर तीन महिन्यांत परत करा, तरी तशीच आली तर डॉक्टरला डापाग्लिफ्लोझिनचं, म्हणजे किडनी जपणाऱ्या शुगरच्या गोळीचं, विचारा. याच गोळीच्या २०२० च्या डापा-सीकेडी ट्रायलमधे ४३०४ पेशंट होते, किडनीचं काम निम्म्यावर येणं, ती फेल होणं किंवा किडनी-हार्टनं मृत्यू, हे गोळीवाल्यांत ९.२ टक्के, प्लासिबोवाल्यांत (औषध नसलेली नुसती दिखाव्याची गोळी) १४.५. जुलाब-उलट्या लागल्या की गोळी थांबवायची का ते फोन करून विचारा. अन् उन्हातानात रानातून आल्यावर अंगदुखीची गोळी मनानं घेऊ नका, तिनं किडनीला इजा होऊ शकते; माझ्या वडलांच्या खिशात कायम तिची स्ट्रिप असायची.