आजीची गोष्ट आणि घराची वंशावळ कशी लिहून काढावी

माझ्या वडिलांची आत्या, आमची आत्याआजी, नव्वदीला टेकली तेव्हा मी वही घेऊन तिच्यासमोर बसले आणि पहिलाच प्रश्न चुकीचा विचारला. "तुझा जन्म कधीचा गं?" ती म्हणाली, "काय करायचंय तुला आता?" आणि पुढ्यातल्या शेंगा सोलायला लागली. नुसत्या तारखा विचारल्या की म्हाताऱ्या माणसाला परीक्षेला बसवल्यासारखं होतं. आठवड्याने मी कोरा कागद आणि पेन्सिल घेऊन गेले. "शनिवार पेठेतला वाडा कसा होता, काढून दाखवतेस?" त्या दिवशी ती दीड तास बोलली.

आधी घराचा नकाशा

सुरुवात इथून करा. दिंडी दरवाजातून आत शिरा आणि चौक, हौद, ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, न्हाणी, परस असं एकेक विचारत जा. कोण कुठे निजायचं? बाळंतिणीची खोली कोणती? हौदाला पाणी कुठून यायचं? (पुण्याच्या जुन्या पेठांतल्या अनेक हौदांत पेशव्यांच्या काळी कात्रजच्या तलावातून आणलेलं पाणी खेळायचं.) वरच्या मजल्यावर भाडेकरू कोण होते? वाडा नसेल तर चाळीचा नकाशा काढा, खडकीच्या क्वार्टर्सचा काढा, गावाकडच्या घराचा काढा. आमच्या नकाशात जिन्याखाली एक अंधारी खोली निघाली. तिथे आत्याआजीच्या आजोबांची बालविधवा बहीण राहायची. पन्नास वर्षं घरात वावरलेली ही बाई आमच्या छापील कुलवृत्तांतात कुठेच नव्हती. वर्षानुवर्षं वंशावळ विचारत बसले असते तरी ती मला सापडली नसती.

मग काळ बसवा. "कोणत्या साली?" असं विचारू नका. "पानशेतच्या आधी की नंतर?" असं विचारा. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. तो दिवस त्या पिढीतल्या पुणेकरांच्या मनात खिळ्यासारखा बसला आहे. सातारा-कऱ्हाडकडच्या माणसांना ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आठवतो, गावाकडच्यांना १९७२ चा दुष्काळ. "तेव्हा धाकटा रांगत होता" एवढं कळलं तरी साल काढता येतं.

मोबाइलवर रेकॉर्डिंग करा, पण त्यांना विचारून. फोन एअरप्लेन मोडवर टाका, पंखा बंद करा, सुरुवातीलाच तारीख आणि बोलणाऱ्याचं नाव म्हणा. पाऊण तासापेक्षा जास्त बसू नका. त्याच दिवशी ती फाइल आणखी एका ठिकाणी ठेवा.

बायकांची नावं

आपल्या बहुतेक वंशावळी बापाकडून मुलाकडे उतरतात. लेकी लग्न होऊन गेल्या की त्यांची रेघ थांबते, सुना फक्त सासरच्या नावाने उरतात. लग्नात तांदळात नवं नाव लिहिलं जायचं, म्हणजे माहेरची ठकी सासरी रमाबाई व्हायची आणि ठकी कागदावरून पुसली जायची. म्हणून प्रत्येक बाईपुढे चार गोष्टी लिहा: माहेरचं नाव, माहेरचं आडनाव, माहेरचं गाव, सासरचं नाव. घरातलं हाकेचं नावही टिपा, कारण जुन्या पत्रांत तेच असतं.

नाती मराठीतच लिहा. "कझिन" लिहिलंत की आतेभाऊ, मामेभाऊ, मावसभाऊ आणि चुलतभाऊ एकाच ढिगात जातात. आणि गेलेली मुलं मोजा. "तुम्ही भावंडं किती?" याचं उत्तर बहुधा जगलेल्यांचं येतं. हळूच विचारा, "आणि राहिली नाहीत ती?"

कागद लेकींच्या सासरी शोधा

आमच्या वाड्यात पानशेतच्या पुराचं पाणी माडीला लागलं होतं. पेटीतली दस्तऐवजांची बाडं, फोटो, पत्रिका, सगळ्याचा चिखल झाला. आमच्याकडे काही उरलं नाही असं मी अनेक वर्षं धरून चालले होते. उरलं होतं, पण वाड्यात नाही. आत्याआजीचं लग्न पुराआधी झालं होतं, सासर साताऱ्याचं. तिच्या ट्रंकेत तिची जन्मपत्रिका निघाली, आईची तीन पत्रं निघाली, आणि लग्नपत्रिकाही. "आमचे येथे श्रीकृपेकरून" पासून सुरू होणाऱ्या त्या पिवळ्या कागदावर आजोबा, काका, मामा अशी नऊ माणसं नात्यासकट छापलेली होती. तेव्हा आत्यांकडे जा, वडिलांच्या आत्यांच्या मुलांकडे जा. मूळ घरात जे गेलं ते पाठवणीबरोबर दुसऱ्या गावी पोचलेलं असू शकतं.

पत्रिकेत साल शके असतं. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथीला ७९ मिळवा, कारण इंग्रजी वर्ष तोवर बदललेलं असतं. आत्याआजीच्या पत्रिकेवर श्रावण शके १८५७ होतं, म्हणजे १९३५. शाळेच्या दाखल्यावर मात्र १ जून. त्या पिढीत १ जूनला जन्मलेले लोक फार आढळतात, कारण तारीख माहीत नसली की मास्तर शाळा सुरू होण्याच्या बेताने ती घालत. दोन्ही तारखा लिहा आणि कुठली कशावरून घेतली तेही लिहा.

तारीख अशी असली तरी शाळेचं जनरल रजिस्टर सोडू नका. मुलींच्या बाबतीत तर ते सोन्यासारखं, कारण तिथे माहेरचं पूर्ण नाव असतं. पुण्यातली हुजूरपागा ही मुलींची शाळा १८८४ पासूनची आहे. तिथे शिकलेली पणजी असेल तर रीतसर अर्ज करून विचारायला हरकत नाही.

घरी श्राद्ध होत असेल तर गुरुजींसमोर धरायची यादी बघा. तिच्यात वडील, आजोबा, पणजोबा येतात, आई, आजी, पणजी येतात, आणि आईच्या माहेरच्या तीन पिढ्याही येतात. म्हणजे इतर कागद विसरले ती आईकडची माणसं इथे सापडतात. पितृपक्षात महालयाची यादी याहून लांब असते. ती दरवर्षी नव्याने उतरवली जाते, तेव्हा सगळ्यात जुनी प्रत मागा.

गाव आणि जमीन माहीत असेल तर आणखी मागे जाता येतं. सातबाऱ्यावर आज कोण आहे तेवढंच कळतं, पिढ्या कळतात त्या जुन्या फेरफार नोंदींतून. अमुक मयत, वारस अमुक, अशी ती नोंद असते आणि बऱ्याचदा तिथे विधवा बायकोचं, लेकींचं नावही येतं. काही जिल्ह्यांचे जुने फेरफार 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवले आहेत, नाहीतर तहसील कार्यालयातल्या अभिलेख कक्षात अर्ज करावा. गाव नमुना १४, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात, त्यात गावातले जन्म-मृत्यू असतात. शहरातल्या घरासाठी सिटी सर्व्हेचा उतारा काढा.

इथे एक सांभाळा. सातबारा मागितला की चुलत घराण्यात लगेच कुजबुज सुरू होते, "हिला वाटा हवाय." कागद मागण्याआधीच काकांना फोन करून सांगा की वंशावळीसाठी हवा आहे, आणि जे मिळेल त्याची एक प्रत त्यांना द्या.

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत यात्रेला आलेल्यांची नावं पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेली असतात. जाताना आडनाव आणि मूळ गाव दोन्ही न्या, नुसत्या आडनावावर शोध लागत नाही. दक्षिण महाराष्ट्रातलं मूळ असेल तर हेळवी यायचे का ते घरात विचारा. कुळांची वंशावळ राखणं हाच त्यांचा पिढीजात व्यवसाय.

जुना कागद मोडी लिपीत निघाला तर घाबरू नका आणि लॅमिनेट तर मुळीच करू नका. उन्हात नको, खिडकीच्या सावलीतल्या उजेडात त्याचा फोटो घ्या आणि कागद सुती कापडात सपाट ठेवा. सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून अशा कागदांचं काम करतं, आणि मोडी शिकवणारे वर्ग पुण्यात भरतात. पुणे पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराचे कागद, आहे. पण घराण्याकडे इनाम किंवा वतन असेल तरच तिथे तुमचं नाव निघण्याची आशा धरा. फोटो अल्बमला चिकटले असतील तर ओढू नका, जागेवरच मोबाइलने टिपा. सुट्या फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलने नावं लिहा, डावीकडून उजवीकडे.

न सांगायच्या गोष्टी

दुसरं लग्न, घर सोडून गेलेला भाऊ, वाटणीचं भांडण, कुणी विहीर जवळ केली ते. हे सगळं येणारच. "हे लिहू नकोस" म्हटलं की रेकॉर्डिंग बंद करा आणि शब्द पाळा. माझ्या मते त्या माणसाचं नाव मात्र वगळू नये. कारण लिहू नका, माणूस लिहा.

वाचून दाखवा

शेवटी सगळं एका मोठ्या कागदावर मांडा. प्रत्येक पिढी एका ओळीत, लेकी आणि लेक जन्माच्या क्रमाने शेजारी शेजारी, लेकींच्या खालीही त्यांची मुलं. गाळलेल्या जागा कोऱ्या ठेवा, अंदाजाने भरू नका. मग ज्यांच्याकडून ऐकलं त्यांच्यासमोर मोठ्याने वाचा. ही पायरी लोक टाळतात, पण खऱ्या दुरुस्त्या इथेच होतात.

आत्याआजीने डोळे मिटून सगळं ऐकलं. हौद मी चौकाच्या चुकीच्या कोपऱ्यात काढला होता, तो तिने बदलायला लावला. मग म्हणाली, "माझ्या आणि अण्णाच्या मध्ये एक होती. तीन वर्षांची होऊन गेली. बारशाचं नाव कुणी घेतच नसे, सगळे सोनू म्हणत." सहा बैठकांत हे आलं नव्हतं. आत्याआजी आणि अण्णांच्या चौकटी मी एकमेकींना खेटून काढल्या होत्या, मध्ये बोटभरही जागा नव्हती. म्हणून कागद तिथे कापून मधे पट्टी चिकटवली. तुम्ही दोन भावंडांच्या मध्ये आधीपासूनच मोकळी जागा सोडा.