रक्तदाबाची गोळी: सुरू करताना, घेत राहताना आणि बदलताना घ्यायची काळजी

रक्तदाबाचे औषध लिहून देण्याचे काम डॉक्टर काही मिनिटांत करतात. ते औषध वर्षानुवर्षे नेमाने घेण्याचे काम मात्र रुग्णाला घरी स्वतःच करावे लागते, आणि उपचार फसतो तो बहुधा याच टप्प्यावर. ताप आला किंवा डोके दुखू लागले की गोळीने आराम पडतो आणि त्या आरामामुळेच पुढची गोळी आपोआप आठवते. वाढलेला रक्तदाब बहुतेकांना जाणवतच नाही, त्यामुळे औषधाने तो उतरला हेही जाणवत नाही. उलट पहिल्या काही दिवसांत थोडे गळल्यासारखे वाटू शकते. म्हणून या औषधाच्या बाबतीत ‘आज कसे वाटते आहे’ यावरून गोळी घ्यायची की नाही हे ठरवणे धोक्याचे आहे. निर्णय व्हायला हवा तो नीट मोजून लिहून ठेवलेल्या आकड्यांवरून.

औषध सुरू होण्यापूर्वी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलून घ्यावे. रक्तदाब किती खाली आणायचा आहे, गोळी कोणत्या वेळी घ्यायची, कोणता त्रास झाल्यास लगेच कळवायचे आणि पहिली रक्ततपासणी कधी करायची, हे चार प्रश्न विचारून उत्तरे तिथेच लिहून घ्यावीत. आपल्या बाजूनेही काही माहिती द्यावी लागते. दमा, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, संधिवातासाठी चालू असलेल्या वेदनाशामक गोळ्या, पूर्वी एखाद्या औषधाने आलेली सूज किंवा पुरळ, आणि स्त्रियांच्या बाबतीत गर्भधारणेची शक्यता, यांपैकी प्रत्येक गोष्टीमुळे औषधाची निवड बदलू शकते. एनालाप्रिल, रामिप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन यांसारखी औषधे गर्भाला अपाय करतात. त्यामुळे ती चालू असताना गर्भधारणा झाल्याचे कळले, तर पुढच्या ठरलेल्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांशी संपर्क साधावा. गरोदरपणात देता येतील अशी दुसरी औषधे उपलब्ध आहेत.

आपली गोळी कोणत्या गटातली आहे हे माहीत असणे फार उपयोगी पडते. अ‍ॅम्लोडिपिन रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील स्नायू सैल करते. रामिप्रिल आणि एनालाप्रिल रक्तवाहिन्या आवळणाऱ्या अँजिओटेन्सिन या रसायनाची निर्मिती कमी करतात, तर टेल्मिसार्टन आणि लोसार्टन त्याच रसायनाला त्याचे काम करू देत नाहीत. क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड आणि हायड्रोक्लोरोथायझाइड मूत्रावाटे मीठ व पाणी बाहेर काढतात. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल आणि बिसोप्रोलॉल हृदयाची गती व जोर कमी करतात. पुष्कळांना एका औषधाने पुरेसा उतार पडत नाही. अशा वेळी एकाच गोळीची मात्रा दुप्पट करण्यापेक्षा दोन वेगळ्या गटांतील औषधे थोड्या मात्रेत एकत्र दिल्यास रक्तदाब जास्त उतरतो आणि दुष्परिणामही कमी राहतात. म्हणून दुसरी गोळी वाढली की आजार बळावला, असा अर्थ काढू नये.

स्ट्रिपवर ठळक अक्षरांत छापलेले असते ते कंपनीने दिलेले नाव. औषधाचे मूळ नाव आणि मिलिग्रॅममधील मात्रा त्याखाली किंवा मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असते. ते मूळ नाव वहीत उतरवून ठेवावे. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची स्ट्रिप दिली, तर घरी नेण्यापूर्वी मूळ नाव आणि मात्रा जुळतात का ते पाहावे. नाहीतर एकच औषध दोन वेगळ्या नावांनी घरात येते आणि दोन्ही गोळ्या रोज पोटात जातात, असे घडू शकते. गोळ्या कापून सुट्या ठेवायच्या असतील, तर नाव आणि मुदत छापलेला तुकडा शेवटपर्यंत जपून ठेवावा.

गोळी सकाळी घ्यावी की रात्री, याविषयी बरीच चर्चा झाली आहे. 2022 साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘टाइम’ या ब्रिटिश अभ्यासात 21 हजारांहून अधिक रुग्णांची तुलना केली गेली. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी येणारा मृत्यू यांत सकाळी गोळी घेणारे आणि संध्याकाळी घेणारे यांच्यात काही फरक आढळला नाही. तेव्हा जी वेळ चुकण्याची शक्यता सर्वांत कमी, ती आपली वेळ. मूत्रावाटे पाणी काढणारी गोळी मात्र सकाळी घेतलेली बरी, म्हणजे रात्री वारंवार उठावे लागत नाही. वेळ एकदा ठरली की ती रोजच्या एखाद्या न चुकणाऱ्या कामाला जोडून द्यावी. आठवड्याच्या वारांची घरे असलेली डबी घेतली तर गोळी घेतली की राहिली हा प्रश्नच उरत नाही. दुपारी मनात शंका आली तरी डबीकडे नजर टाकली की उत्तर मिळते. औषध हळूहळू सोडणाऱ्या, म्हणजे दीर्घकाळ परिणाम राहावा अशा रीतीने बनवलेल्या गोळ्या चावू नयेत किंवा त्यांची पूड करू नये, कारण तसे केल्यास दिवसभराची मात्रा एकदमच रक्तात उतरते. अशा काही गोळ्यांचे मधल्या खाचेवर दोन तुकडे करता येतात, काहींचे येत नाहीत. ते औषधविक्रेत्याला विचारूनच करावे.

परिणामासाठी धीर धरावा लागतो. अ‍ॅम्लोडिपिनची रक्तातील पातळी स्थिर व्हायलाच सुमारे आठवडा लागतो, आणि बहुतेक औषधांचा पुरता परिणाम दोन ते चार आठवड्यांत दिसतो. तिसऱ्याच दिवशी आकडा उतरला नाही म्हणून औषध निरुपयोगी ठरवणे किंवा मनानेच दुसरी गोळी घेणे, दोन्ही चूक. या काळात अंथरुणावरून उठताना आधी कडेला बसावे, मिनिटभर थांबावे आणि मगच उभे राहावे. वयस्कर व्यक्तींनी तर ही सवय कायमची लावून घ्यावी, कारण उठल्याबरोबर रक्तदाब खाली जाऊन पडण्याचा धोका त्यांना अधिक असतो. रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टनच्या गटातील औषध सुरू केल्यावर किंवा त्याची मात्रा वाढवल्यावर काही आठवड्यांतच रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट काम करते का हे दाखवणारा घटक) आणि पोटॅशियम यांची तपासणी करतात. पाणी काढणाऱ्या गोळ्यांसाठी सोडियम आणि पोटॅशियम पाहतात. ‘मला काहीच त्रास नाही’ म्हणून ही तपासणी टाळू नये. यांतील बिघाड सुरुवातीला जाणवत नाही.

आता मोजण्याविषयी, आणि इथे जरा सविस्तर सांगणे भाग आहे, कारण चुकीचा आकडा हा आकडा नसण्यापेक्षाही वाईट असतो. दंडावर पट्टा बांधायचे, पडताळणी झालेले स्वयंचलित यंत्र घ्यावे आणि पट्टा आपल्या दंडाच्या घेराला योग्य मापाचा असावा. तो लहान पडला तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू आणि व्यायाम नको. लघवीला जाऊन यावे, पाठ टेकून खुर्चीत बसावे, दोन्ही पावले जमिनीवर टेकवावीत आणि पाच मिनिटे स्वस्थ बसावे. पट्टा उघड्या दंडावर बांधावा, हात टेबलावर असा ठेवावा की पट्टा हृदयाच्या उंचीवर येईल. हात खाली लोंबत राहिला किंवा पायावर पाय टाकला तर आकडा वाढतो. यंत्र चालू असताना बोलू नये, कोणी काही विचारले तरी उत्तर देऊ नये. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहावेत, मनाला पटेल तेवढा एकच नव्हे.

औषध सुरू झाल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर काही आठवड्यांनी सलग सात दिवस सकाळी गोळी घेण्यापूर्वी आणि संध्याकाळी असे मोजावे, पहिला दिवस सोडून द्यावा आणि बाकीच्यांची सरासरी काढावी. दवाखान्यातील 140/90 या मर्यादेच्या जागी घरच्या सरासरीसाठी 135/85 ही मर्यादा धरतात. तुमच्यासाठी डॉक्टरांनी याहून खालचे लक्ष्य ठरवलेले असू शकते. एखाददुसरा वाढलेला आकडा पाहून घाबरू नये. रक्तदाब दिवसभर बदलतच असतो, आणि पुनःपुन्हा मोजत राहिल्याने जीव घाबरा होऊन तो आणखी चढतो.

गोळी विसरली तर काय करावे? दिवसातून एकदाच घ्यायची गोळी असेल तर आठवताक्षणी घ्यावी. पुढच्या गोळीची वेळ अगदी जवळ आली असेल तर विसरलेली गोळी सोडून द्यावी आणि पुढची नेहमीच्या वेळी घ्यावी; दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत. चुकलेल्या दिवसावर वहीत खूण करावी. ही खूण लहान वाटली तरी फार मोलाची आहे, आणि ती डॉक्टरांना दाखवायला लाजू नये. रुग्ण आठवड्यातून दोन-तीन दिवस गोळी चुकवतो आणि विचारल्यावर ‘रोज घेतो’ असे सांगतो, तेव्हा चढलेला आकडा पाहून डॉक्टर मात्रा वाढवतात किंवा दुसरे औषध जोडतात. पुढे तोच रुग्ण काही कारणाने रुग्णालयात दाखल होतो, तिथे चिठ्ठीवरची सगळी औषधे प्रथमच वेळच्या वेळी दिली जातात, आणि रक्तदाब एकदम खाली येतो. हे सारे एका खऱ्या उत्तराने टळते. गोळ्या परवडत नसतील, वेळा फार होत असतील किंवा दुष्परिणामाची भीती वाटत असेल, तर तेही सांगावे; दोन-तीन औषधे एकाच गोळीत मिळण्याची सोय असते, स्वस्त पर्यायही असतात.

दुष्परिणामांबद्दल तर जास्तच स्पष्ट बोलावे. रामिप्रिल, एनालाप्रिलने काहींना कोरडा खोकला लागतो. तो खोकल्याच्या औषधाने जात नाही, मूळ औषध बदलल्यावर काही आठवड्यांत थांबतो. अ‍ॅम्लोडिपिनने संध्याकाळपर्यंत घोट्यांवर सूज येऊ शकते. ही सूज शरीरात पाणी साठल्यामुळे नसते, म्हणून लघवीच्या गोळीने ती फारशी उतरत नाही. मात्रा कमी करणे किंवा जोडीला दुसऱ्या गटातले औषध देणे याने फरक पडतो. काही औषधांनी लैंगिक क्षमतेवर परिणाम होतो आणि संकोचामुळे पुरुष काही न सांगता गोळीच बंद करतात, याचे मला फार वाईट वाटते, कारण डॉक्टरांसाठी ही नेहमीची तक्रार आहे आणि तिच्यावर उपाय आहेत. ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला, श्वास घेणे जड झाले, तर मात्र पुढची गोळी न घेता तत्काळ रुग्णालय गाठावे.

आकडा 120/80 वर आला की ‘आता औषधाची गरज नाही’ असे वाटू लागते. तो आकडा औषध चालू असल्यामुळे आलेला आहे. औषध थांबवले की बहुतेकांचा रक्तदाब काही दिवसांत ते काही आठवड्यांत पुन्हा चढतो, आणि तोही गुपचूप. काही औषधे अचानक सोडणे तर थेट धोक्याचे आहे: क्लोनिडिन एकदम बंद केल्यास रक्तदाब झपाट्याने उसळतो, आणि मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल यांसारखी औषधे एकदम सोडल्यास हृदयविकार असलेल्यांना छातीत दुखणे किंवा झटकाही येऊ शकतो. म्हणून घरातील साठा आठवडाभराचा उरला की नवीन आणावा, आणि प्रवासात गोळ्या सामानात न टाकता जवळच्या पिशवीत ठेवाव्यात.

चिठ्ठीशिवाय घेतल्या जाणाऱ्या गोष्टींकडेही लक्ष हवे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामके रक्तदाब वाढवतात. रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी या जोडीबरोबर ती घेतली तर मूत्रपिंडावर गंभीर ताण येऊ शकतो. चोंदलेले नाक मोकळे करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या आणि नियमित घेतलेले ज्येष्ठमध यांनीही रक्तदाब चढतो. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम घातलेले असते, तेव्हा ते सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. एरवी दिवसाचे मीठ 5 ग्रॅमपेक्षा कमी ठेवणे, वजन उतरवणे, चालणे आणि मद्य टाळणे यांनी औषधाच्या परिणामाला चांगली जोड मिळते.

जुलाब-उलट्या सुरू होऊन शरीरातील पाणी कमी झाले असेल, तर लघवीच्या आणि रामिप्रिल-टेल्मिसार्टन गटातील गोळ्या तात्पुरत्या थांबवायच्या का, हे डॉक्टरांना त्याच दिवशी विचारावे. शक्य असेल तर हा प्रश्न आजारी पडण्यापूर्वीच विचारून ठेवावा. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना सगळ्या औषधांची यादी द्यावी.

आकडा 180/120 किंवा त्याहून वर दिसला, तर पाच मिनिटे शांत बसून पुन्हा मोजावा. तो तसाच राहिला आणि सोबत छातीत दुखणे, धाप, बोलण्यात अडखळणे, हातापायात दुबळेपणा, दृष्टी अंधुक होणे किंवा तीव्र डोकेदुखी असेल, तर तो आणीबाणीचा प्रसंग आहे. जादा गोळ्या घेत वेळ न घालवता रुग्णवाहिका बोलवावी. लक्षणे नसतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. उलट, वरचा आकडा वारंवार 100 च्या खाली जात असेल आणि चक्कर येत असेल, तर तेही कळवावे.

वजन बरेच उतरल्यावर, मीठ खरोखर कमी केल्यावर किंवा वय वाढल्यावर काहींची मात्रा कमी करता येते. ही मागणी रास्त आहे आणि ती वहीसकट डॉक्टरांपुढे ठेवावी. ते एका वेळी एकच औषध कमी करतील आणि प्रत्येक बदलानंतर काही आठवडे घरचे आकडे पाहतील. सरासरी पुन्हा मर्यादेच्या वर गेली, तर कमी केलेली गोळी परत सुरू करावी लागेल.