नदीकाठच्या गावाने पूर कसा मोजावा आणि कधी निघावे

वैनगंगेकाठी आभाळ मोकळे असतानाही पूर येतो. 2020 च्या ऑगस्टअखेरीस मध्य प्रदेशात पडलेल्या पावसाचे पाणी आधी संजय सरोवर, मग गोसेखुर्द या धरणांतून उतरत आले आणि भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंतच्या गावांत शिरले. म्हणून नुसता आपल्या अंगणातला पाऊस पाहून निवांत राहू नका. वरून किती पाणी सुटले आणि काठावर ते किती वेगाने चढते, हे पाहा.

विसर्गाचा मेसेज आला की आधी एकक वाचा. 1 क्युमेक म्हणजे सेकंदाला 1,000 लिटर पाणी, म्हणजेच सुमारे 35 क्युसेक (सेकंदाला घनफूट). क्युमेकला क्युसेक समजले तर अंदाज 35 पटींनी चुकतो. मेसेज पुढे पाठवताना धरणाचे नाव, एकक आणि वेळ गाळू नका. कालचा आकडा आज फिरला की लोक खऱ्या इशाऱ्यावरही विश्वास ठेवत नाहीत.

आता मोजणी. उन्हाळ्यातच पुलाच्या खांबावर किंवा नदीकडच्या पक्क्या भिंतीवर दर 10 सेंमीला पट्टे रंगवून घ्या. ते राहून गेले असेल तर बांबूवर खुणा करून तो काठाजवळच्या संथ पाण्यात घट्ट रोवा, रात्री टॉर्चने दुरून दिसेल असा. पाण्याच्या कडेला नुसती काडी खोचून भागत नाही. त्यावरून पाणी किती पसरले ते कळते, किती चढले ते कळत नाही. दर अर्ध्या तासाने आकडा आणि वेळ वहीत लिहा.

हा आकडा घराच्या उंबऱ्याशी नाही, रस्त्याच्या सर्वांत खोल जागेशी जुळवायचा. बहुतेक गावांत ती जागा म्हणजे नाल्यावरचा रपटा, म्हणजे ठेंगणा फरशी पूल. तो बुडाला की घरे कोरडी असली तरी बाहेर पडायची वाट बंद. समजा रपट्यावर पाणी यायला 60 सेंमी उरले आहेत आणि पाणी अर्ध्या तासात 10 सेंमी चढते, तर हिशोबाने हातात तीन तास आहेत. निघण्यासाठी मात्र दीडच तास धरा, कारण चढण्याचा वेग सारखा राहत नाही. शिवाय नदी फुगली की नाल्याचे पाणी तिच्यात उतरत नाही, उलटे मागे तुंबते. भामरागडला इंद्रावती चढली की तिला मिळणाऱ्या पर्लकोटा नदीचा पूर असाच अडतो. दिवस मावळायला आला असेल तर हिशोब करत बसू नका, उजेड आहे तोवर निघा.

रपट्यावरून पाणी वाहत असेल तर थांबा. वेगाचे 15 सेंमी पाणी धडधाकट माणसाला पाडते, 30 सेंमी पाणी लहान मोटारगाडी उचलते. ट्रॅक्टर जड असला तरी गढूळ पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की वाहून गेला, हे वरून दिसत नाही. अडकलात तर 112 किंवा जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा 1077 लावा.

निघण्यापूर्वी मेन स्विच बंद करा, पण पाणी स्विचपर्यंत पोचले असेल तर हात लावू नका. कागदपत्रे, औषधे आणि चार्ज केलेला मोबाईल प्लास्टिकमध्ये बांधा. कीटकनाशकांचे डबे उंच ठेवा, नाहीतर ते पुरात फुटून विहिरीत जातात. गुरे उंचावर हाका. ते जमत नसेल तर निदान दावी सोडा. बांधलेले जनावर जागीच बुडते.

पाणी ओसरल्यावर मातीच्या भिंतींच्या घरात लगेच झोपू नका. मुरलेल्या भिंती पाणी उतरल्यावरही खचतात. नुकसानीचे फोटो साफसफाईआधी काढा आणि तलाठ्याला कळवा.

विहीर गढूळ झाली असेल तर उपसा, पण एका दमात तळ गाठू नका, भोवतालची ओली माती आत ढासळते. मग ब्लीचिंग पावडर टाका. गोल विहिरीतले लिटर काढायला व्यास × व्यास × पाण्याची खोली (सगळे मीटरमध्ये) × 785 करा. 3 मीटर व्यास आणि 4 मीटर पाणी असेल तर सुमारे 28,000 लिटर. नेहमी 1,000 लिटरला 2.5 ग्रॅम, म्हणजे इथे 70 ग्रॅम पावडर लागते. गढूळ पाण्यात क्लोरीन लवकर खर्ची पडतो, म्हणून पुरानंतर दुप्पट घ्या. पावडर थोड्या पाण्यात कालवून लगदा करा, बादलीभर पाणी घाला, चुना खाली बसू द्या आणि वरचे निवळ पाणी विहिरीत सोडून ढवळा. तासाभराने आरोग्य सेवकाकडून क्लोरीन तपासून घ्या. तोवर पिण्याचे पाणी उकळूनच वापरा.